घरामागची जुनी कौटुंबिक दफनभूमी कशी जपायची

डॅलसच्या उत्तरेला प्लॅनो, ॲलन, मॅकिनी, फ्रिस्को या पट्ट्यात घर घेतलंत, तर आसपास कुठेतरी एक लोखंडी कुंपण दिसेलच. आत थोडेसे दगड, एखाद-दुसरं सीडरचं झाड, न लागणारं फाटक. एका बाजूला टाऊनहोम, दुसऱ्या बाजूला शाळेचं पार्किंग. नव्याने आलेल्यांना वाटतं, चर्चची किंवा शहराची जागा असणार. बहुतेकदा ती दोघांचीही नसते. ज्या शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर आता तुमची सबडिव्हिजन उभी आहे, त्या कुटुंबाची माणसं तिथे पुरलेली असतात.

अशी जागा जपायची कशी, हे अधूनमधून कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. मी मूळची परभणीची, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. इथे घरांचे पाये तपासणं हा माझा व्यवसाय. पायांच्या भेगा मोजता मोजता या कललेल्या दगडांकडे लक्ष गेलं आणि मग त्यातच रमले. माझं मत आधीच सांगते. या दफनभूमींचं जास्त नुकसान टारगट पोरांनी केलेलं नाही. ते गवत कापणाऱ्यांनी आणि एका शनिवारात सगळं चकाचक करायला निघालेल्या सज्जनांनी केलं आहे. त्यामुळे पुढे "करा" कमी आणि "थांबा" जास्त येईल.

आधी कागद

१८४१ साली, टेक्सास स्वतंत्र देश होता तेव्हा, त्याच्या सरकारने या भागात वस्ती वसवण्याचा करार केला. हीच पीटर्स कॉलनी. कुटुंबवाल्याला ६४० एकर, एकट्या पुरुषाला ३२० एकर. केंटकी, टेनेसी, मिसुरी, इलिनॉय इथून माणसं बैलांच्या गाड्या घेऊन आली. गाव लांब, चर्च त्याहून लांब. घरातलं मूल गेलं की शेतातल्या उंचवट्यावर, पाणी साचत नाही अशा जागी पुरायचं. मग शेजारच्या घरातलं कोणी गेलं तर तेही तिथेच. प्लॅनोच्या लेगसी भागात ऑफिस असणाऱ्यांनी बॅकस सिमेट्री पाहिली असेल; दुकानं आणि काचेच्या इमारती यांच्यामध्ये हिरवा चौकोन आहे तो. १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धात लढलेल्या हेन्री कुक यांनी १८४७ मध्ये आपला मुलगा डॅनियल याला तिथे पुरलं. आज ती जागा ओळखली जाते त्यांच्या मुलीच्या सासरच्या नावाने.

टेक्सासचा कायदा इथे ठाम आहे. आरोग्य आणि सुरक्षा संहितेचं ७११ वं प्रकरण वाचा. कायद्याच्या मानाने सोपं आहे. एकदा दफनासाठी वापरलेली जमीन कोर्टाच्या हुकमाशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नाही. भोवतालची जमीन कितीही वेळा विकली गेली तरी कबरींचा तुकडा कबरींचाच राहतो. आणि जिथे जायला सार्वजनिक रस्ता नाही, अशा दफनभूमीला भेट द्यायची असेल तर भोवतालच्या जमिनीतून वाजवी वाट मिळण्याचा हक्क कोणालाही आहे. मात्र हा हक्क बघायला जाण्याचा आहे. करवत, फावडं किंवा ब्रश चालवायचा हक्क त्यातून मिळत नाही.

तो हवा तर आधी मालक शोधा. काउंटी क्लर्कच्या (जिल्ह्याचे दस्त सांभाळणारा अधिकारी) कार्यालयातली जुनी खरेदीखतं आता बहुतांशी ऑनलाइन दिसतात. त्यात एक ओळ शोधायची: अमुक एकर विकले, "अर्धा एकर कबरस्तान वगळून". आपल्याकडे सात-बारावर पोटखराबा वेगळा दाखवतात, तसं. ही ओळ सापडली की अर्धी लढाई जिंकली, कारण तो अर्धा एकर मूळ कुटुंबाने कधी विकलाच नव्हता हे सिद्ध होतं. त्यानंतर सबडिव्हिजनचा प्लॅट, म्हणजे दस्तात नोंदवलेला नकाशा, बघा. दफनभूमी कोणाच्या ताब्यात दाखवली आहे: एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या), शहराच्या, की कोणाच्याच नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वंशज हयात आहेत का? बहुतेक वेळा असतात. आडनावं आजूबाजूच्या रस्त्यांच्या पाट्यांवरच असतात.

टेक्सासच्या २५४ काउंट्यांमध्ये काउंटी ऐतिहासिक आयोग नेमता येतो आणि तो बहुतेक ठिकाणी असतो. तिथे बहुधा निवृत्त मंडळी असतात, त्यांना तुमचा फोन आला की आनंद होतो. त्यांच्याकडे दफनभूमींची यादी असते. तुमची जागा त्या यादीत नसेल, म्हणजे कोणालाच माहीत नसलेली दफनभूमी तुम्हाला सापडली असेल, तर शोध लागल्यापासून दहा दिवसांच्या आत काउंटी क्लर्ककडे तशी सूचना नोंदवावी लागते. टेक्सास हिस्टॉरिकल कमिशन या राज्य सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज मिळतो. नकाशा, जागेचं वर्णन, सही, एवढंच काम आहे. पण उद्या बिल्डर आला तर हाच कागद आडवा येतो.

परवानगी लेखी घ्या. ईमेल चालतो. "हो हो, करा की" असं फाटकाशी म्हणालेला माणूस वर्षभराने घर विकून गेलेला असतो.

मग डोळे

पहिल्या काही फेऱ्यांत हात मागे बांधून फिरा. खरंच सांगते. कॅमेरा, वही, टेप, होकायंत्र, बस. काहीही उचलू नका, उपटू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. गवत वाळलेलं असतं, जमिनीचे उंचसखल भाग दिसतात, सापही बहुतेक बिळात असतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, म्हणजे तिरप्या उन्हात जमिनीवरचे लांबट खळगे उठून दिसतात. जुन्या लाकडी पेट्या कुजल्या की वरची माती बसते. माणसाच्या लांबीचा, पूर्व-पश्चिम पसरलेला खळगा म्हणजे बहुतेक दगड नसलेली कबर. प्रेत पाय पूर्वेकडे करून ठेवायची पद्धत होती, त्यामुळे डोक्याशी मोठा दगड पश्चिमेला आणि पायाशी छोटा दगड पूर्वेला असतो. छोट्या दगडावर नुसती आद्याक्षरं असतात. हे पायाचे दगड गवत कापणाऱ्याच्या वाटेत येतात म्हणून कोणीतरी ते उचलून कुंपणाशी रचून ठेवतो, आणि त्या क्षणी कबरीची लांबी, दिशा आणि ओळख तिन्ही जातात.

आता जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गोष्टी इथेच हरवतात.

या भागात रेल्वे आली १८७२ साली. त्याआधी संगमरवर आणणं फार महाग आणि जिकिरीचं होतं. मग लोक जे हाताशी असेल ते लावायचे. इथला पांढरा मऊ चुनखडक, ओबडधोबड, एकही अक्षर नसलेला. किंवा बोडार्कच्या लाकडाचा खुंट. बोडार्क हे इथलं काटेरी झाड, ज्याला पोपटी, मेंदूसारखी सुरकुतलेली फळं येतात. त्याचं लाकूड पिवळंजर्द आणि अतोनात टिकाऊ, म्हणून कुंपणालाही तेच आणि कबरीलाही तेच. तुम्हाला तो खुंट जुन्या कुंपणाचा उरलेला वाटेल, तो दगड शेतातला धोंडा वाटेल. उचलून फेकलात की एक माणूस गेला, कायमचा, कारण त्याची दुसरी कुठलीही नोंद नसते. दगड एकट्याने पडलेला आहे की दुसऱ्या दगडापासून पाच-सहा फुटांवर पूर्व-पश्चिम रेषेत आहे, हे टेपने बघा. जोडी जुळली तर ती कबर धरून चाला.

झाडंही खुणा असतात. मार्चच्या आसपास कुठूनतरी पांढरे आयरिस उगवतात, ओळीत. ते कोणीतरी लावलेले आहेत. मूळ माणूस शंभर वर्षांपूर्वी गेला, कंद अजून फुलतात. व्हिंकाची दाट हिरवी चादर, जुना क्रेप मर्टल, सीडर, हे सगळं नकाशावर घ्या. आणि उलट, जमीन अगदी बोडकी असेल तर ती ओसाड समजू नका. दक्षिणेतल्या कित्येक कुटुंबांत कबरस्तानात गवताची काडीसुद्धा न ठेवता जमीन झाडून स्वच्छ ठेवायची रीत होती. तिथे हौसेने बर्म्युडा गवत पेरणं म्हणजे त्यांच्या अंगणात आपलं अंगण घुसवणं.

कुंपणाच्या बाहेरही बघा. केंटकी आणि टेनेसीहून आलेल्या या कुटुंबांपैकी काहींनी गुलाम माणसं सोबत आणली होती. टेक्सासमध्ये गुलामगिरी संपल्याची घोषणा झाली १९ जून १८६५ ला. तोपर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, त्या माणसांना मालकांच्या कबरींपासून थोडं दूर, कडेला पुरलं जायचं. नाव कोरलेला दगड क्वचितच. आजचं लोखंडी कुंपण बऱ्याचदा खूप नंतर, फक्त दगड दिसत होते तेवढ्याच भागाला घातलेलं असतं. त्यामुळे कुंपणाबाहेरच्या वीस-तीस फुटांत कोणी बाक, खेळणी किंवा पाण्याची पाइपलाइन टाकायचं म्हणत असेल, तर तुम्ही आवाज उठवा. वंशजांशी बोलताना हा विषय अवघड जातो, हे खरं. तरी काढाच. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तीत मालकाचं नाव आहे आणि माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण. नावं नसली तरी आकडा मिळतो.

जमिनीत रडार फिरवून कबरी शोधता येतात ना, असं कोणीतरी विचारतंच. येतात, पण वाळूच्या जमिनीत. आपल्या इथली काळी चिकणमाती त्या लहरी शोषून घेते आणि पडद्यावर नुसता धुरळा दिसतो. पैसे देण्याआधी त्या कंपनीला मातीबद्दल विचारा.

दगडावरचं वाचताना

फोटो काढायला उन्हाची बाजू नसेल तर आरसा न्या. कपाटाच्या दारावर लावतात तसला लांब आरसा घेऊन दुसऱ्याला उभं करा आणि त्यातून ऊन दगडाच्या पृष्ठभागावर अगदी तिरपं पाडा. बुजलेली अक्षरं सावलीमुळे उठून येतात. पीठ, खडू, दाढीचा फेस चोळून अक्षरं वाचायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. एकही करू नका. फेसात आम्ल असतं, पिठात बुरशी वाढते, खडू चोळताना दगडाचे कण निघतात. कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेणंही जुन्या संगमरवरावर नको.

बऱ्याच दगडांवर जन्मतारीख नसते, मृत्यूची तारीख आणि वय असतं: ३ वर्षं, ४ महिने, ११ दिवस. उलटं मोजून जन्मतारीख काढा, पण वहीत दगडावर आहे तसंच लिहा, तुमचा हिशेब वेगळ्या रकान्यात. ३ आणि ८, १ आणि ७ यांत घोळ होतो. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. कोकरू कोरलेलं असेल तर मूल. जुळलेले दोन हात बहुतेक नवरा-बायकोचे. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यासारखा दगड दिसला तर तो वुडमेन ऑफ द वर्ल्ड या संस्थेच्या सभासदाचा असू शकतो. १८९० मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा इथे निघालेली ही विमा देणारी संस्था, सभासदाच्या थडग्याची सोयही बघायची.

प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. दगडावर नाही, नकाशावर. पुढून, मागून, दोन्ही कडांनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. टेक्सासमध्ये मृत्यूची सक्तीची नोंद १९०३ पासून सुरू झाली, म्हणजे त्याआधीच्या माणसांसाठी हा दगडच मृत्यूचा दाखला आहे. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकण्याआधी वंशजांना विचारलेलं बरं. कायद्याने लागत नाही, पण रीत म्हणून.

झाडोरा

विषारी आयव्ही ओळखायला शिका: तीन पानांचा गुच्छ, मधलं पान लांब देठाचं. हिवाळ्यात पानं झडतात आणि झाडावर चढलेली केसाळ दोरी तेवढी उरते. तिला हात लावला तरी अंगावर फोड येतात. ती जाळू तर अजिबात नका, धूर छातीत जातो. शिवाय चिगर नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे आणि लाल मुंग्यांची वारुळं. माझ्या सासूबाई इथे आल्या की मला दारातच अडवतात, "स्मशानातून आलीस, कशाला हात लावू नकोस, आधी डोक्यावरून आंघोळ." त्यांचं कारण वेगळं, पण आयव्हीचं तेल अंगावर मुरण्याआधी साबणाने धुणं आणि कपडे थेट मशिनमध्ये टाकणं हेच डॉक्टरही सांगतात. मी वाद घालत नाही.

कबरींमध्ये उगवलेलं झुडूप उपटायचं नाही. मुळं खाली कुठे गुंतली आहेत, आपल्याला माहीत नाही. जमिनीलगत कापा, खुंट तसाच राहू द्या. मोठं झाड दगडाला टेकलं असेल तर आर्बरिस्ट, म्हणजे झाडांचा जाणकार, बोलवा, आणि त्याला बुंधा दळायचं यंत्र आणू नको म्हणून आधीच बजावा. तणनाशक दगडाच्या जवळ नको. त्यातले क्षार ओल्या दगडात वर चढतात आणि आत स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतात.

गवत कापायच्या दोरीच्या ट्रिमरबद्दल मला राग आहे. संगमरवरी पाटीच्या तळाशी, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, आडवी खाच दिसली की समजायचं, ही ट्रिमरची कामगिरी. वर्षानुवर्षं तिथेच मार बसतो आणि एक दिवस पाटी त्याच रेषेत मोडते. दगडाभोवती वीतभर गवत हाताच्या कात्रीने कापा. माणसं कमी असतील तर तेवढं गवत वाढू द्या. वाढलेल्या गवताने दगड मोडत नाही. एचओएच्या कंत्राटात ही अट लिहून घ्या, नुसती सांगून उपयोग नाही. गवत कापायला येणारी माणसं दर हंगामात बदलतात.

धुणं

दगड पांढराशुभ्र करणं हा हेतू नाही. काळपट रंग हा त्याच्या वयाचा आहे. धुवायचं ते शेवाळ आणि दगडफूल ओल धरून ठेवतात म्हणून. (हो, तेच दगडफूल, गोड्या मसाल्यातलं. त्याचे भाऊबंद इथे संगमरवरावर वाढतात आणि आम्ल सोडून तो खातात.)

आधी बोटांच्या टोकांनी दगड हलकेच चाचपा. साखरेसारखे कण हाताला लागले तर पुढे काहीही करायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पापुद्रे सुटत असतील, बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल, तडा असेल, दगड हलत असेल, तरीही नाही. फोटो काढा आणि पुढच्या दगडाकडे जा.

घट्ट, सलग दगड असेल तर हातपंपाचा फवारा घ्या, नुसतं स्वच्छ पाणी, आणि दगड पूर्ण भिजवा. मऊ नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश, गोल गोल फिरवत, खालून वर. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि त्या रेघा जात नाहीत. सारखं पाणी मारत राहा. दगडफूल निघत नसेल तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, कधीही धातू नाही. बऱ्याच जागी एवढ्यावरच काम होतं.

होत नसेल तर डी-टू नावाचं द्रावण मिळतं. सरकारी सैनिकी दफनभूमींमध्येही ते वापरतात. त्यात ना आम्ल, ना ब्लीच. फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, ब्रश करा, धुवा. मग विसरून जा. ते पुढचे कित्येक आठवडे हळूहळू काम करत राहतं. पहिल्या दिवशी दगड कधीकधी नारिंगी किंवा आणखी मळका दिसतो, घाबरून पुन्हा घासायला बसू नका. ब्लीच, व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा, प्रेशर वॉशर, ड्रिलला लावायचा ब्रश, तारेचा ब्रश, हे सगळं बाद. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर टाकलं की तो फसफसून विरघळतो, हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. पुढच्या चोवीस तासांत तापमान चार-पाच अंश सेल्सियसच्या खाली जाणार असेल तर धुणं पुढे ढकला, आत शिरलेलं पाणी गोठून दगड फुटतो. आणि दरवर्षी धुवायचं नाही. पुन्हा शेवाळ दिसेपर्यंत हात लावू नका.

निळसर राखाडी, अक्षरं कालच कोरल्यासारखी तीक्ष्ण, ठोकलं तर पत्र्यासारखा आवाज: तो दगड नव्हे, जस्त आहे. आतून पोकळ आणि ठिसूळ असतो. त्याच्यावर दगडाचे उपाय करू नका.

कललेले दगड

आता माझं कार्यक्षेत्र. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात त्या आपल्या पट्ट्याची ही माती आणि परभणीची काळी माती यांची आई वेगळी आहे. आपली बेसाल्टपासून झाली, ही चुनखडक आणि मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) यांच्यापासून. पण अंगातली चिकणमाती एकाच स्वभावाची. पाणी प्यायली की फुगते, ऑगस्टमध्ये सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला नळीने पाणी देतात ते यासाठीच. दगडाखालची जमीन दरवर्षी अशी वर-खाली होते. दगड कलतो तो कोणी ढकलल्यामुळे नव्हे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, थोडा कललेला दगड सरळ करू नका. पंधरा अंशांपर्यंत कललेला आणि हाताला घट्ट लागणारा दगड वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्याचा कल मोजून वहीत लिहा, दर फेब्रुवारीत आणि दर ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. तो ऋतूप्रमाणे मागेपुढे होत असेल तर त्याचं ठीक चाललं आहे. एकाच दिशेने वाढत असेल तर काळजी करा.

दुसरी, सिमेंट नाही. दगडाच्या पायथ्याशी काँक्रीटचं कडं ओतलेलं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. माती हलते, काँक्रीटचा गोळा हलतो, मऊ संगमरवर मधल्यामध्ये पिळला जातो आणि कड्याच्या बरोबर वर मोडतो. शिवाय आतली ओल काँक्रीटमधून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते. जिथे दगडाचे दोन भाग एकमेकांवर बसवलेले असतात तिथे चुन्याचा मसाला वापरायचा, तोही दगडापेक्षा मऊ. काही तुटायचंच असेल तर सांधा तुटावा, दगड नाही. जुन्या वाड्यांवर काम केलेल्या गवंड्याला हे सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते: शेजारच्या लॉनचे स्प्रिंकलर बघा. कुंपणापलीकडचा फवारा दगडाच्या एकाच बाजूची माती ओली ठेवत असेल तर ती बाजू फुगलेली राहते, दुसरी सुकून बसते, आणि दगड दरसाल थोडा थोडा झुकतो. त्यात पाणी जड. वाळलं की दगडावर पांढरा थर. स्प्रिंकलरचं डोकं वळवणं हा या संपूर्ण लेखातला सर्वात स्वस्त उपाय आहे.

दगड पडण्याच्या बेतात असेल तर पुन्हा बसवावा लागतो. एकट्याने नाही. तीन फूट उंच, दीड फूट रुंद, दोन इंच जाडीची संगमरवरी पाटी सुमारे ५८ किलो भरते. आणि पायावर पडताना ती तेवढी वाटत नाही. काउंटी आयोगाला आधी कळवा, शक्य असेल तर अनुभवी माणूस सोबत घ्या. पाटीच्या पुढून-मागून हाताने माती मोकळी करा, दगडाचा तळ संपतो त्याच्या खाली खणू नका. हाड, खिळा, काच, बटण, काहीही दिसलं तर थांबा, झाका, फोन करा. पाटी पट्ट्यांनी उचला आणि उभ्या कडेवर धरूनच न्या. आडवी धरली तर स्वतःच्या वजनाने मधोमध तडकते. खाली ठेवायची ती लाकडाच्या पट्ट्यांवर. खड्डा दगडापेक्षा चार-सहा इंचच रुंद ठेवा. काळ्या मातीत मोठा खड्डा करून खडी भरली की त्यात पाणी साठतं आणि आपणच दगडाखाली हौद बांधलेला असतो. बारीक खडी आणि वाळू थराथराने भरत, लाकडी दांड्याने ठोकत, ओळंबा बघत बसवा. वरची माती दगडापासून बाहेर उतरती.

मोडलेले तुकडे चिकटवू नका. बाजारातला इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो आणि पुढच्या तज्ज्ञाला तो काढताना दगडच काढावा लागतो. तुकडे आहेत त्या जागी, खडीच्या पातळ थरावर, अक्षरं वर करून ठेवा, फोटो काढा, नकाशावर क्रमांक द्या. "सुरक्षित राहील" म्हणून गॅरेजमध्ये नेऊन ठेवणं हा तर गुन्हाच ठरू शकतो. हेतू कितीही चांगला असो, तुमच्या गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या पणजीचा दगड सापडला तर पोलिसांना काय सांगणार?

माणसं

सेवेचे तास हवे असलेली आपली शाळकरी मुलं या कामाला उत्तम, पण त्यांना ब्रश नका देऊ. आरसा धरायला, टेप धरायला, अक्षरं वाचायला द्या. मुलांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले. दगडाला टेकून बसायचं नाही, एवढं पहिल्यांदा सांगा.

जुन्या कुटुंबांमध्ये वर्षातून एकदा जमून कबरस्तान साफ करायची आणि तिथेच डबे उघडून जेवायची चाल होती, काही ठिकाणी अजून आहे. बहुधा मे महिन्यात. बोलावलं तर जा, आणि काहीतरी करून न्या. आपल्याला स्मशानात जेवायचं म्हणजे कसंतरीच होतं, पण कोणाचा दगड कुठून कुठे हलवला गेला, हे त्या टेबलावर बसलेल्या आजी सांगतात. कोणत्याही कागदात ते नसतं. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

वंशज तयार असतील तर टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनकडे हिस्टॉरिक टेक्सास सिमेटरी म्हणून नोंदणीचा अर्ज करा. ही योजना १९९८ पासून आहे. नकाशा, फोटो, इतिहासाची टिपणं लागतात, म्हणजे वरचं सगळं केलं असेल तर अर्धा अर्ज तयारच आहे. मंजूर झाल्यावर ती नोंद काउंटीच्या जमिनीच्या दस्तांत लागते, आणि पुढे कोणी ती जमीन घ्यायला आला की शोध घेताना त्याच्या समोर येते. बाहेर लावायची शोभेची पाटी हा वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च आहे. लोक पाटीच्या मागे लागतात. आधी दस्तातली नोंद करा.

वहीची, नकाशाची आणि फोटोंची एक प्रत काउंटी आयोगाला, एक वंशजांना, एक गावातल्या वाचनालयाच्या वंशावळ विभागाला द्या. फोटोंच्या फाइलच्या नावात दगडाचा क्रमांक आणि तारीख घाला, नाहीतर वाचनालयवाल्या बाई त्या परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.